फिरवायचा राहून गेलेला फोन

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी गेले होते दाराला लावायची पितळी कडी शोधायला, ती मिळाली नाही, फोन मिळाला. रविवार होता, ऊन चढायला लागलेलं, एका पोत्यावर गंजके पाने, रेडिओचे नॉब, वरचा मोर तुटलेली समई, कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराचा नाव कोरलेला स्टीलचा डबा, आणि त्या सगळ्यात पालथा पडलेला काळा डायलचा फोन. तळाशी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बंगलोर अशी अक्षरं होती. उचलला तर मनगट खाली गेलं इतका जड. विकणारा म्हणाला बाराशे, अँटिक आहे ताई. मी म्हटलं चालतो का, तर तो माझ्याकडे जरा कीव केल्यासारखा बघून म्हणाला, शोपीस आहे हो, चालवायचाय कशाला? सातशेला घेतला. शेजारच्या पोत्यावर ते पितळी नक्षीकामवाले फोन होते, दिसायला व्हिक्टोरिया राणीच्या दिवाणखान्यातले आणि डायलच्या भोकात बोट घातलं की आत पुश बटन, त्यांच्याकडे मी बघितलंही नाही, एवढी अक्कल तरी होती.

घरी आणल्यावर नवरा म्हणाला, हे काय. लेक म्हणाला, याला चार्जिंग कुठून?

आता हे मला का हवं होतं ते सांगायला वाड्यात जावं लागेल. आम्ही शनिवार पेठेत भाड्यानं राहायचो, दोन खोल्या, वरचा मजला, आणि फोन होता खाली मालकांकडे. तो आमचा 'पीपी' नंबर होता. आताच्या पोरांना पीपी म्हणजे काय ते सांगता सांगता मीच हसते. बाबांच्या लेटरहेडवर, माझ्या शाळेच्या डायरीत, आत्याच्या लग्नाच्या पत्रिकेत, सगळीकडे मालकांचा नंबर आणि पुढे कंसात पीपी, म्हणजे फोन दुसऱ्याचा आहे, आम्हाला बोलवून देतील. मग मालकीणबाई चौकात येऊन वर तोंड करून हाक मारायच्या, अहो तुमचा फोऽऽऽन, आणि आई हातातली पोळी तव्यावर टाकून, गॅस बारीक करून, पदर नीट करत जिना उतरायची. मी मागे. तिकडे फोन एका तिपाईवर, खाली क्रोशाचा रुमाल, आणि डायलला कुलूप. खरंखुरं छोटं पितळी कुलूप, डायलच्या एका भोकात अडकवलेलं, म्हणजे कुणी आलंगेलं परस्पर नंबर फिरवायला नको. आई फोनवर नेहमी भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलायची, कारण मालकांकडचे चारही जण पेपर वाचत असल्यासारखे गप्प बसलेले असायचे.

मला फोन उचलायची परवानगी होती, एकदा तर आत्या आहे म्हणून दोन मिनिटं बोलूही दिलं होतं. पण डायल नाही. डायल फिरवायची ती मालकीणबाईंनी, किल्ली त्यांच्या कमरेला. पुढे ९३ साली आम्ही फ्लॅटमध्ये गेलो, आमचा स्वतःचा फोन आला, लाल रंगाचा, बटनांचा. सगळे खूष. मी पण. पण फिरवायचं राहिलं ते राहिलंच. हे कारण एखाद्या चाळीशी उलटलेल्या, बँकेत काम करणाऱ्या बाईनं सातशे रुपये आणि पुढचे चार महिने घालवायला पुरेसं आहे का, तर नाही, पण दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काहीही येत नव्हतं. फ्यूज बदलता येतो, मिक्सरचं ब्रश एकदा बदललं होतं, बास. आमच्या सोसायटीत बी विंगला एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. त्यांना फोन दाखवायला नेला तर त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला (कशालाही जोडलेला नसताना), ठेवला, आणि म्हणाले, "अगं, हा बिघडलेला नाही, हा बसलाय. बसलेल्याला उठवायचं, ठोकायचं नाही." आणि मग म्हणाले, "मी करून देणार नाही हं. माझा हात कापतो. तू कर, मी सांगतो."

पहिल्या दिवशी फक्त उघडला. तळाचे स्क्रू गंजलेले, मी घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर लावला आणि पहिल्याच स्क्रूची खाच चुरडून टाकली. खाचेच्या रुंदीचं बरोब्बर पातं लागतं, नाहीतर खाच जाते आणि मग तो स्क्रू जन्माचा वैरी होतो, हे मला त्या दिवशी कळलं. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी निघाले. आत झुरळाच्या अंड्यांची रिकामी टरफलं, कोळ्याचं जाळं, आणि एक कागद चिकटवलेला, त्यावर सर्किटची आकृती, निम्मी कुणीतरी खाल्लेली. आणि मला अपेक्षित होतं तसं काहीच नाही. म्हणजे एवढ्या जड फोनमध्ये काहीतरी गुंतागुंत असेल असं वाटलं होतं, तर आत मोजून पाच-सहा वस्तू: दोन वाट्यांची घंटा आणि तिच्या तारेच्या गुंडाळ्या, एक ट्रान्सफॉर्मरसारखी कॉइल, एक कंडेन्सर, क्रेडलखालच्या, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या जागेखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि डायल. एक चिप नाही. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून तू काय करतेस असं विचारता येईल इतका मोकळाढाकळा कारभार.

काकांचा पहिला नियम, काही सोडवायच्या आधी फोटो काढ. मी काढले, अठ्ठावीस. तरी दोन वायरी चुकल्याच.

बाहेरचा साफसफाईचा भाग सगळे फार रंगवून सांगतात, मला त्यात विशेष काही वाटलं नाही. काळी बॉडी बेकलाइटची, म्हणजे लिओ बेकलँड नावाच्या मूळ बेल्जियमच्या माणसानं १९०७ साली अमेरिकेत शोधलेलं प्लॅस्टिक, एकदा साच्यात भाजून कडक झालं की परत कितीही तापवा, वितळत नाही. घासताना गरम झालं की दवाखान्यासारखा कार्बोलिकचा वास येतो, तो खऱ्या बेकलाइटचा. सौम्य साबणाचं पाणी, फडकं, मग ब्रासो. फडकं तपकिरी काळं होत जातं आणि आपल्याला वाटतं बाई बाई किती मळ, तर तो मळ नसतो, ती बॉडीच झिजून फडक्यावर येत असते, म्हणून बेतानं. चार संध्याकाळी गेल्या त्यात. चकाकला.

डायलच्या मधोमध सेल्युलॉइडच्या गोल चकतीखाली एक कागद होता. त्यावर निळ्या शाईनं नंबर लिहिलेला, पाच आकडी, बाईचं अक्षर असावं असं मला उगाच वाटलं. पहिले तीन आकडे स्वच्छ, शेवटच्या दोन आकड्यांवर कधीतरी पाणी सांडून निळा ढग झालेला. पाच आकडी म्हणजे फार जुना, पुढे सहा झाले, सात झाले, मग सगळ्यांच्या पुढे दोनचा आकडा लागून आठ झाले. कुठल्या गावाचा तेही कळायला मार्ग नाही, जुन्या बाजारात माल कुठून कुठून येतो. तो कागद मी चिमट्यानं काढून एका पुस्तकात ठेवला.

मग रिसीव्हर. त्याची कापडी विणीची दोरी एके ठिकाणी फाटली होती, मला वाटलं कापू आणि आतल्या वायरी जोडू. कापल्यावर आत तांब्याची तारच नाही! दोरा होता, आणि दोऱ्याभोवती तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळलेली, अगदी जर असते तशी. पैठणीची जर धाग्यावर चढवतात ना, तोच प्रकार, फक्त चांदीऐवजी तांबं. रिसीव्हर दिवसातून पन्नास वेळा उचलून ओढून वाकवून साधी तार तुटून जाईल, ही तुटत नाही, म्हणून. पण तिला सोल्डरिंगही धड होत नाही, आतला दोरा जळतो. मी तीन वेळा जाळला. शेवटी पितळी टोकं दाबून बसवायची असतात ती तपकीर गल्लीत शोधत फिरले, तिथल्या एका दुकानदारानं मला विचारलं की मॅडम कुठल्या कॉलेजात शिकवता. कंडेन्सरही तिथूनच घेतला, दोन मायक्रोफॅरडचा, अडीचशे व्होल्टचा, चहाच्या किमतीत. जुना गळका होता. त्याचं काम मजेशीर आहे: लाइनवर कायम अठ्ठेचाळीस व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट असतो, तो घंटेत शिरू द्यायचा नाही, पण रिंगचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट आला की त्याला मात्र वाट द्यायची. वाड्याच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा, कोण आलंय बघून सोडणारा.

बोलायच्या बाजूला कार्बनचा माइक. लहानपणी बघितलं असेल, समोरच्याला ऐकू येईना की लोक रिसीव्हर तळहातावर आपटायचे, मला तो निव्वळ वैताग वाटायचा. पण तो इलाज होता! आत कोळशाचे बारीक कण असतात, आपण बोललो की पडदा हलतो, कण दाबले-सुटले जातात, आणि त्यातून जाणारा करंट आपल्या आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो. वर्षानुवर्षं पडून राहिले की कण आवळून बसतात, दमट हवेत पिठाच्या गुठळ्या होतात तसे. आपटलं की मोकळे होतात. मी आपटलं, आधी हळूच, मग काका म्हणाले, "अगं भांडण झाल्यासारखं आपट," तसं. कण सुटले. आतून वाळूच्या खुळखुळ्यासारखा आवाज येतो तो फार छान आहे.

घंटा जोडली आणि इथे माझी पहिली फजिती झाली. आमच्याकडे तांब्याची लाइन आता नाही, फायबर आहे, पण त्या राउटरच्या डब्याला मागे फोनचं एक भोक असतं. त्यात जोडला, वायरी उघड्याच होत्या, आणि मी टर्मिनलचे स्क्रू हातानं चाचपत असताना लेकानं गंमत म्हणून मोबाइलवरून रिंग दिली. सत्तर-पंचाहत्तर व्होल्टचा एसी असतो रिंगला. कोपरापर्यंत झिणझिण्या आणि तोंडातून बँकेत न बोलण्यासारखा शब्द. पण त्याच क्षणी घंटा वाजली! नीट नाही, ठक ठक ठक अशी, टोला वाटीला धड लागत नव्हता. वाटीचं भोक मुद्दाम मध्यापासून बाजूला पाडलेलं असतं, वाटी थोडी फिरवली की ती टोल्याच्या जवळ येते किंवा लांब जाते, तसं दोन्ही बाजूंनी केस केस फिरवत बसायचं. दोन वाट्यांचे सूर वेगळे असतात. तबलेवाला हातोडीनं ठोकून बघतो तसं माझं तासभर चाललं होतं आणि मग अचानक, खणखणीत. घरातल्या घरात मी दचकले. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

काका ऐकायला आले. ऐकून म्हणाले, "घंटा आपली आहे, रिंग आपली नाही." कारण आपल्याकडची रिंग जोडीनं यायची, छोटी एक, छोटी एक, मग दोन सेकंद गप्प. ट्रिंग ट्रिंग. म्हणून तर आपण कायम ट्रिंग ट्रिंग म्हणतो, नुसतं ट्रिंग कुणी म्हणत नाही. या डब्याची मात्र एकच लांबलचक. ट्रिंऽऽऽऽग. मग शांतता. मला तो फरक त्यांनी सांगेपर्यंत जाणवला नव्हता, आता तेवढाच जाणवतो.

राहिली डायल. मी मुद्दामच शेवटी ठेवली होती, लहान मुलं बर्फीवरचा वर्ख शेवटी खातात तशी.

डायल फिरवताना काही होत नाही, हे मला माहीत नव्हतं. आपण बोट घालून आडवणीपर्यंत नेतो तेव्हा नुसती स्प्रिंगला चावी बसते. बोट सोडलं की डायल परत यायला लागते आणि येता येता आतलं चाक एक संपर्क उघडतं-मिटतं, उघडतं-मिटतं. पाचला पाच वेळा, नऊला नऊ वेळा, शून्याला दहा वेळा. म्हणजे लाइन तोडते. फोन एक्स्चेंजला नंबर सांगतो तो लाइन तोडून तोडून सांगतो, सेकंदाला दहा वेळा या हिशोबानं. जाताना नाही, परतताना. हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती डायल हातात घेऊन बसले होते. आणि मग डोक्यात वीज चमकली की म्हणूनच मालकांचा धाकटा मुलगा कुलूप असतानाही मित्रांना फोन करायचा! क्रेडलच्या बटनावर टक टक टक मारून. आम्हाला वाटायचं जादू आहे. तो हातानं लाइन तोडत होता, पाच हवे तर पाच टिचक्या. इतकी साधी गोष्ट, आणि त्यांच्या घरात महिन्याचं बिल आलं की कुलपाची किल्ली कुठे होती यावरून चौकशी बसायची.

काकांनी पलीकडची बाजू सांगितली. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये तुम्ही घरी पाच फिरवला की तिकडे एक सिलेक्टर, म्हणजे वाट निवडणारं यंत्र, खट खट खट खट खट पाच पायऱ्या वर चढायचा, मग आडवा फिरून पुढची मोकळी वाट शोधायचा, मग पुढच्या आकड्याला पुढचा सिलेक्टर. संपूर्ण हॉलभर असे हजारो. सकाळी दहाला ऑफिसं उघडली की पावसासारखा आवाज, म्हणाले, आणि रात्री दोनला एकच सिलेक्टर चढायला लागला की आम्ही एकमेकांकडे बघायचो, कुणाच्या घरी काय झालं असेल. तो आल्मन स्ट्रोजर, ज्यानं १८९१ मध्ये याचं पेटंट घेतलं, तो कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था बघणारा माणूस होता. त्याची गिऱ्हाइकं फोनच्या ऑपरेटरबाई दुसऱ्याच अंत्यविधीवाल्याकडे वळवायच्या, कारण ते त्यांच्या नवऱ्याचं दुकान होतं, म्हणून यानं ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं अशी कथा सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण पेठेत राहिलेल्या माणसाला पटते.

आता माझी दुसरी, मोठी फजिती. डायल जड झाली होती, शून्य फिरवला की परतायला फार वेळ. मोबाइलच्या रेकॉर्डरवर टिकटिक रेकॉर्ड करून बघितली, लाटा मोजता येतात, दहा टिका दीड सेकंदात. हव्यात एका सेकंदात. मी शिवणयंत्राचं तेल घेतलं आणि दिसेल तिथे सोडलं. सढळ हातानं, सासरच्या माणसांना तूप वाढतात तसं. दुसऱ्या दिवशी डायल सर्रकन यायला लागली, दहा टिका पाऊण सेकंदाच्याही आत. मला वाटलं वा. काका कपाळाला हात लावून म्हणाले, गव्हर्नरला तेल पाजलंस?

गव्हर्नर म्हणजे डायलच्या मागे एक इवलीशी वाटी आणि तिच्यात फिरणारी दोन वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि वाटीला घासतात, घासली की वेग कमी. तिथे घासलंच पाहिजे. तिथे तेल गेलं की ब्रेकला तेल. जिथे कोरडं हवं तिथे मी ओलं केलं होतं आणि जिथे थेंबभर हवं तिथे गेलंच नव्हतं. मग सगळी डायल परत सोडवली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतली, वाळवली, आणि टाचणीच्या टोकावर घड्याळाचं तेल घेऊन फक्त दात्यांच्या टोकांना एकेक थेंब. संपर्काच्या पट्ट्यांना पॉलिश पेपर लावायचा नाही, व्हिजिटिंग कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून दोन पट्ट्यांमधून ओढायची. पहिली काळी निघाली, चौथी पांढरी. स्प्रिंगचा ताण एका आट्यानं कमी केला, परत वाढवला. तीन रविवार. शेवटी शून्याच्या दहा टिका एका सेकंदात. नेमक्या. परतताना जो आवाज येतो, तो घरघर आणि किरकिर यांच्या मधला, त्याला मराठीत शब्द आहे का मला माहीत नाही, आमच्या वाड्यातल्या सगळ्यांना तो मालकांच्या बैठकीतून वर ऐकू यायचा आणि आई नुसत्या आवाजावरून म्हणायची, मुंबईला लावतायत.

ते कसं कळायचं तेही आता कळलं. मी हिशोब केला. मुंबई ०२२ म्हणजे दहा, दोन, दोन, चौदा टिका. दिल्ली ०११ फक्त बारा. पुण्याचा आताचा ०२० म्हणजे बावीस. आधीचा ०२१२ आकड्यांनी मोठा पण टिकांनी छोटा, पंधरा. एक लांब घरघर आणि मागोमाग दोन छोट्या, की मुंबई. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा तेव्हा तो आवाज हमखास यायचा, अंथरुणात पडल्या पडल्या.

डायल बसवली, कागद परत चकतीखाली ठेवला, झाकण लावलं, चारही स्क्रू, त्यातला एक खाच चुरडलेला. राउटरच्या भोकात पिन घातली. रिसीव्हर उचलला. टोन. आपलाच श्वास आपल्याच कानात ऐकू येतो या फोनमध्ये, बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडासा परत पाठवायची सोयच असते, म्हणून माणूस आपोआप बेतानं बोलतो. नवरा, लेक, काका, सगळे उभे. माझा मोबाइल टेबलावर. मी त्याचा नंबर फिरवायला सुरुवात केली, चाळीस वर्षांनी, नऊ, घरघरघर, आठ, घरघरघर, दहा आकडी नंबर डायलवर फिरवणं म्हणजे सत्यनारायणाची पोथी आहे, कितवा अध्याय चाललाय तेच कळत नाही. संपला. टोन तसाच. हूंऽऽऽ. परत फिरवला. हूंऽऽऽ.

काकांनी डायलला कान लावला, रिसीव्हर घेतला, स्वतः फिरवला, हात कापत होता तरी. मग म्हणाले, "डायल उत्तम आहे. या डब्याला मोजता येत नाही."

तर असं आहे की आताचे बटनांचे फोन लाइन तोडत नाहीत, ते प्रत्येक आकड्याला दोन सुरांची जोडी पाठवतात, आणि आमचा डबा फक्त सूर ओळखतो. टिका त्याला कळत नाहीत. काही डब्यांना कळतात, आमच्याला नाही. चार महिने मी एका सेकंदात बरोब्बर दहा टिका आणायला घालवले, आणि पलीकडे त्या मोजणारं कुणी नाही. मध्ये लावायचं एक छोटं यंत्र मिळतं, टिका घेऊन सूर करून देणारं, लेकानं तिथल्या तिथे शोधून दाखवलं. मी म्हटलं बघू. अजून मागवलेलं नाही. ते लावलं तर फोन मुंबईला लागेल, पण ती टिकटिक त्या यंत्रापर्यंतच जाणार, मग मनाला काही ते पटेना. बिल थकलं की पूर्वी आउटगोइंग बंद करायचे आणि इनकमिंग चालू ठेवायचे, तसं झालंय आमचं. म्हणजे इतकं करून मी शेवटी आणला तो पीपीच. येईल तो घ्यायचा, आपण लावायचा नाही.

तरी मी रोज फिरवते. ऑफिसातून आले की एकदा, रिसीव्हर न उचलता, ०२२. लेक म्हणतो आई तू वेडी आहेस.

मागच्या महिन्यात आई राहायला आली. तिला मी मुद्दाम काही सांगितलं नाही, फोन हॉलमध्ये खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला, खाली तिनंच कधीतरी विणलेला क्रोशाचा रुमाल. तिनं बघितला, म्हणाली बरा दिसतोय, आणि पेपर उघडला. दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना मोबाइलवरून घरचा नंबर लावला. आत घंटा, ती एकच लांबवाली. दुसऱ्या रिंगला ती उठली. पडद्याआडून दिसत होती मला. पदर नीट केला, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, रिसीव्हर उचलला, आणि सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. पूर्वी फोन उचलला की हॅलोच्या आधी आपला नंबर सांगायची पद्धत होती, आमच्या फ्लॅटमधल्या लाल फोनवर ती कायम तसंच करायची. आता तिनं डायलवर वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, कागदावरचा वाचला.

"पाच, तीन, सहा..." आणि थांबली. मग हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं, "पुढचं पुसलंय हो. कोण हवंय तुम्हाला? बोलावून देते."